एक वाटी पाणी

भात आमच्याकडे पाहुण्यासारखा.
जेवण संपता संपता येतो,
ताकाशी चार शब्द बोलून निघून जातो.
म्हणून हा भाताचा कुकर
सात वर्षं माळ्यावर पडून होता.
पतसंस्थेच्या सोडतीत लागलेला.
पुढे पतसंस्था बुडाली,
कुकर तेवढा वर राहिला.

जळगावहून यांच्या गळ्याचा शेवटचा शेक घेऊन आलो
तेव्हा तोच खाली काढला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
तिखट नाही, तेल नाही,
वाफेवरचं द्या, मऊ.
मी मान हलवली,
बामणोदच्या बाईनं हलवावी तशी,
म्हणजे ऐकलं, पटलं नाही.

खाली एक वाटी पाणी.
वर जाळीचं ताट,
त्यात गाजराच्या चकत्या, गिलकं, दुधीच्या फोडी.
मोहरीच्या डब्याकडे हात तीनदा गेला,
तीनदा परत आणला.
खटका दाबला.
झाकणाच्या काचेवर वाफ धरली,
आतलं काही दिसेना,
आणि घरात कसलाच वास सुटेना.
एवढ्या संसारात पहिल्यांदा
माझ्या स्वयंपाकानं शेजारी कोणी शिंकलं नाही.

याची एक गोष्ट मात्र मला आवडली.
शिट्टी नाही, घड्याळ नाही,
खालचं पाणी संपलं की त्याचं त्याला कळतं.
टक्.
लाल दिवा जाऊन पिवळा येतो.
शिजवणं थांबतं, ऊब राहते.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या आमच्या गल्लीत
हे पाण्यावाचूनचं शहाणपण
अजून कोणाला जमलेलं नाही.

हे पाटावर बसले.
ज्यांच्या एका हाळीवर
वांग्याचे टेम्पो थांबायचे,
त्यांचा आवाज आता वाफेइतकाच.
तोंडाची वाफ दवडू नका,
असं मी जन्मभर सांगत आले.
आता दवडतात तेव्हा जवळ सरकून बसते,
शब्द सांडू नये म्हणून.
दुधीची फोड जिभेवर धरून म्हणाले,
"वेलाचा वास येऊ राह्यला."
खरंच होतं.
वाफ्यातलं सरळ वाफेत आलं होतं,
मधे मी कुठेच नव्हते.
थोडं लागलं मला ते.

पौषात सुपडूअण्णांच्या मळ्यात भरीत.
बडगीला यांचाच हात पाहिजे, असा निरोप.
मी कुकर पिशवीत घातला,
वर टॉवेल टाकला, कोणी हसू नये म्हणून.
विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत
स्टार्टरच्या पेटीखाली एक सॉकेट होतं,
काळं पडलेलं.
शेतीची वीज साडेनऊला आली.

बाहेर पऱ्हाट्यांच्या जाळावर
वांगी काळ्या कातडीत फुगत होती.
मिरची, लसूण, कांद्याची पात,
आणि हे ठेचत होते डोळे मिटून,
चव न घेता मीठ घालत.
मिठाला वास नसतो.
तरी सत्तर माणसांत
कोणी कमी म्हणालं नाही, कोणी जास्त म्हणालं नाही.

मोटारीच्या खोलीतून आलं,
टक्.
मुसळ थांबलं.
"माझं झालं," हे म्हणाले.
पंगतीच्या टोकापर्यंत पोचलं असावं,
कारण यादव भिरूड,
ज्यानं उभ्या जन्मात बिनतिखटाचा घास गिळला नाही,
कळण्याची पुरी तशीच हातात घेऊन उठून आला.
"वहिनी, त्यातलं एक गाजर द्या."

दिलं.
बराच वेळ चावत राहिला,
कोर्टात साक्ष द्यायची असल्यासारखा.
मग म्हणाला, "मीठ तरी टाकत जा हो."

मी झाकण लावलं.
पिवळा दिवा चालू होता,
वीज जाईपर्यंत.