ओळीच्या मधली फट

एप्रिल उजाडला तरी गुलहॉर्न कोव्हची खाडी
पांढरी, घट्ट, न बोलणाऱ्या माणसासारखी.
न्यूफाउंडलंडात वसंत असाच येतो, पाहुण्यांच्या मागून.
दुसरा तास इंग्रजीचा. रेडिएटर खोकत होता
आणि नोजवर्दी बाई टेबलावर मूठ आपटत होत्या:
एका ओळीत चार ठोके,
दोन अलीकडे,      दोन पलीकडे,
मध्ये बोटभर मोकळी जागा.
"इथे काही गळलेलं नाही," बाई म्हणाल्या,
"इथे गाणारा श्वास घ्यायचा."

हजार वर्षांपूर्वीचं काव्य. रचणारा कोण, पत्ता नाही.
एक राजा, राजाचा पुतण्या, एक जहाज,
आणि परतीच्या वाटेवर धुकं.
आमच्या इंग्रजीची ही पणजी म्हणे,
पण पणजी कुणाला ओळख देत नव्हती.
कॅल्विन स्क्वायर्सने समासात तलवारी काढल्या,
मग तलवारींच्या हॉकीच्या काठ्या केल्या.
डॉर्कस पार्डी बाकावर डोकं टेकून झोपलेली.
खेकड्यांच्या कारखान्यात मध्यरात्रीपर्यंत पाळी,
बाहीचा वास धुऊनही जात नसे.

बाई म्हणाल्या, हे कवी वस्तूला सरळ हाक मारत नसत.
दोन शब्द एकाला एक बांधायचे,
तिसरंच काही उभं राहायला हवं.
करा बघू तुम्ही.
कुणी बर्फाला म्हणालं रस्ताखाऊ.
कुणी मुख्याध्यापकांना किल्ली-खुळखुळा. हशा.
डॉर्कस डोळे न उघडताच म्हणाली,
आई: दोनपाळी-चूल.
बाईंनी ते फळ्यावर लिहिलं
आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही.

मग तो भाग आला, वादळाचा.
त्याआधी नुसत्या शिरस्त्राणाला चाळीस ओळी:
सोनं कुठलं, कुणी ठोकलं, कुणाच्या बापाने लुटून आणलं.
आणि इथे एवढंच,
वल्ह्यावरचा एक गेला      वारा पडला.
बस. पुढच्या ओळीत राजा जेवायला बसतो.

माझा हात वर गेला. का गेला, कोण जाणे;
वर्षभर मी तोंडात मूग धरून बसलेली पोर.
"त्याचं नाव काय होतं?"

बाईंनी पान उलटलं. मागच्या टिपा पाहिल्या.
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"हस्तलिखित इथे फाटलेलं नाही," त्या म्हणाल्या.
"नाव दिलेलंच नाही."

शेवटच्या बाकावरून अँब्रोज टिली बोलला.
ज्याचा भाऊ नोव्हेंबरात बोटीवर गेला होता,
ज्याला तेव्हापासून कुणी काही विचारत नव्हतं,
आणि त्यानेही कुणाला काही सांगितलं नव्हतं.
"घरच्यांना माहीत असेल," एवढंच.
कुणी मान वळवली नाही.
बाईंची मूठ टेबलापासून वीतभर वर होती.
ठोका पडला नाही.

जूनच्या परीक्षेत तिसरा प्रश्न आला:
उताऱ्यातील अनुप्रास अधोरेखित करा.
मी एक ओळ अधोरेखित केली, मधली जागासुद्धा.
अर्धे गुण गेले. जाऊ देत.

पण त्या एप्रिलच्या रात्री बाबांचा फोन आला होता,
अल्बर्टातून, तेलाच्या वाळूतून.
वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी,
आणि घरी असले तरी थोडे तिकडेच.
"काय शिकवलं आज?"
"वल्हं मारायला," मी म्हटलं.
आणि मग आमच्यामध्ये ती जागा पडली,
नेहमीची. एरवी मी ती घाईने बुजवायचे,
हवा सांगायचे, गुण सांगायचे, मांजर सांगायचे.
त्या रात्री बुजवली नाही.
ऐकत राहिले. तिकडे कुठलंसं यंत्र गुरगुरत होतं,
एक दार लागलं,
आणि त्यात, अगदी जवळ, त्यांचा श्वास.

मग ते म्हणाले,
"पायरीवरचा बर्फ काढलास का?"