आजही नाही

पहाटे चारला पुलावर गाड्यांची रांग लागते
तेव्हा मी कोळंबी मोजत असतो.
डझनाला साडेचार डॉलर, जिवंत असली तर.
टायटसव्हिलला, नदीच्या काठावर, माझं गळाच्या आमिषांचं दुकान,
आणि पलीकडे, बारा मैलांवर, दिव्यांत न्हालेला तो उभा,
पोटात चार माणसं घेऊन.

लोक घडीच्या खुर्च्या मांडतात. थर्मास उघडतात.
ओहायोहून आलेले एक आजोबा नातवाला खांद्यावर घेतात,
खाली ठेवतात, पुन्हा घेतात.
रेडिओवर आकडे उलटे चालतात
आणि नऊ मिनिटांवर येऊन थांबतात.

थांबलेलेच राहतात.

मग कळतं, मुहूर्त टळला.
एका झडपेतून हेलियम झिरपतोय.
किती, ते कुणी सांगत नाही.
"केसाएवढी फट असेल हो," आजोबा म्हणतात,
"दुधानं तोंड पोळलेली माणसं, ताकही फुंकून पिणार."
मी त्यांना सुटे पैसे परत देतो.
फुंकणारी माझी बायको आहे, हे सांगत नाही.

अर्लीन त्या झडपेपाशी एकवीस वर्षं बसली आहे.
झडपेपाशी म्हणजे, एका बंद खोलीत, पडद्यासमोर,
जिथे झडप ही नुसती एक हिरवी रेघ.
आज ती रेघ हलली.
नियमाच्या आतच होती म्हणे.
आत, पण कडेला,
आणि कालच्यापेक्षा कडेच्या जवळ.
खोलीत एकामागून एक सगळे "हो" म्हणत गेले.
हिची पाळी आली तेव्हा
हिनं घसा खाकरला.
हेही तिनं नाही सांगितलं,
डेल्बर्टनं सांगितलं, बर्फाची पिशवी नेताना.

दुपारी ती घरी येते, बूट दारातच काढते.
मी विचारत नाही. कालचा मासा तव्यावर टाकतो.
टीव्हीवर टाय लावलेला कुणी हिशेब मांडतोय,
एका दिवसाचा उशीर म्हणजे इतके लाख.
ती आवाज बंद करते.
त्याचं तोंड उघडत-मिटत राहतं.

अशा वेळी ती कुठे असते, मला माहीत आहे.
शाळेचं मैदान. जानेवारी.
गवतावर, इथे कधी नव्हे तो, हिमाचा पापुद्रा.
तिसरीतली मुलं माना वर करून,
आणि धुराला अचानक फुटलेली दोन शिंगं.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.
त्यांना वाटलं, असंच असतं.
बाई रडू लागल्या तशा टाळ्या विरत गेल्या.
सगळ्यांत शेवटी थांबली ती अर्लीन.

अंधार पडला तरी दुकानासमोर तीन गाड्या उभ्याच.
आजोबा विचारतात, मोटेलात जागा मिळेल का,
उद्या तरी नक्की ना?
अर्लीन पेटीत बर्फ भरायला बाहेर आली होती.
गाडीच्या खिडकीतून नातवानं तिलाच विचारलं,
"आतली माणसं अजून आतच आहेत?"
"नाही रे. त्यांना केव्हाच खाली उतरवलं.
आत्ता जेवत असतील."
"काय जेवत असतील?"

हे तिला ठाऊक नव्हतं.
ती गप्प झाली, आकड्यांपाशी होते तशी,
मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मासा."
पोरानं नाक मुरडलं.

मी फोन करून
उद्यासाठी कोळंबीच्या दोन टोपल्या जास्तीच्या मागवल्या.