चारशे बारा

आमच्या हॉटेलला मजले तीन.
हे आधीच सांगून ठेवते,
कारण पुढचं सगळं चौथ्या मजल्यावरचं आहे.

फेब्रुवारी. ऱ्हाईनवरून चढलेलं धुकं
ट्रामच्या तारांना लोंबकळत होतं.
शिवणसामानाच्या प्रदर्शनाची आदली रात्र,
अख्ख्या कोलोनमध्ये पाठ टेकायला बाकडं शिल्लक नव्हतं.
साडेअकराला खांद्याने दार ढकलत आले
ओतोकार हेब्लिक,
बोहेमियाच्या डोंगरातून नऊ तास व्हॅन हाकत,
दोन्ही हातांत पेट्या, पेट्यांत बटणं :
शिंपल्याची, शिंगाची, जर्दाळूच्या लाकडाची.
पेटी कलली की आत वाळू सरकल्यासारखा आवाज.

कागद त्यांनी काउंटरवर ठेवला, इस्त्री केल्यासारखा.
वर आमचं नाव, आमच्या पाटीपेक्षा ठसठशीत
(पाटीवरचं एक अक्षर दोन वर्षं विझलेलं आहे).
पाच रात्री. पैसे पूर्ण, आगाऊ. परतावा नाही.
खोली चारशे बारा.
आणि तळाशी एक ओळ :
उशी मऊ हवी की कडक, कृपया कळवावे.

उशीबद्दल आम्ही कधीच कुणाला विचारलेलं नाही.

"कडक, असं कळवलं होतं मी," ते म्हणाले.

मी सांगितलं.
असं सांगायला आम्हाला एक वाक्य शिकवलेलं आहे,
पण ते काउंटरच्या याच बाजूने वाक्य वाटतं.
त्यांनी लिफ्टकडे पाहिलं.
एक, दोन, तीन.
बटणं बनवणारा माणूस
पुन्हा पुन्हा तीनच बटणं मोजत राहिला.

आयोजकांकडून फोन आला होता म्हणे, निवास विभागातून.
बाईंना स्टॉल ठाऊक होता : सातवा हॉल, क–एकतीस.
(ती यादी कुणीही वाचावी, भिंतीवर लावल्यासारखी उघडी असते.
हे मी बोलले नाही.)
शेवटच्या चार खोल्या, उद्या एकही नाही, म्हणाल्या.
हे खोकले, तर लिंडनच्या फुलांचा चहा घ्या, म्हणाल्या.
सगळं होतं त्या व्यवहारात,
काज नेमकं कातरलेलं, कडा टिपलेल्या.
बटण तेवढं नव्हतं.

त्यांनी आमच्याच फोनवरून तो नंबर फिरवला.
मध्यरात्री, दुसऱ्या घंटेला उचलला.
आवाज इतका उबदार की मला इथवर ऐकू आला.
अरेरे, हेब्लिकसाहेब, चूक आमचीच.
नदीकाठी दुसरी खोली आहे,
थोडी अनामत भरलीत की झालं.

आणि त्यांचा हात गेला.
वाऱ्यात कॉलर आवळायला जातो
तितक्या सहज, आतल्या खिशाकडे.

मी बोटाने फोन दाबला.
बाई वाक्याच्या मध्येच संपल्या.

रागावले ते. माझ्यावर.
"त्या निदान नीट बोलत होत्या."

खरं होतं.

न्याहारीच्या खोलीत दोन बाकं जोडून दिली,
पांघरायला टेबलावरच्या चादरी, जॅमच्या डागांसकट.
एक वाजता वूचहून दोघी बहिणी आल्या, लेसवाल्या.
तोच कागद. चारशे बारा. उशी : मऊ.
पहाटे एक पोरगा, एकटाच, कात्र्यांचा नमुनासंच घेऊन.
चारशे बारा.
प्रदर्शन संपेतो अकरा माणसं झाली त्या एका खोलीत,
आणि एकमेकांच्या पायात पाय न येता
सगळी मावलीही असती, इतकी ती मोठी होती.

पोलिसाने तक्रार लिहून घेतली.
"चौथा मजला?" विचारून छताकडे पाहिलं,
तिथे ओल आलेली होती.

हे मागच्या वर्षीचं.
आता बुकिंगच्या आमच्या पत्रात
मी तळाशी एक ओळ घातली आहे.
मालक म्हणाले, इल्का, हे कशाला?
लोक उत्तरं पाठवतात, मन लावून.
कुणी मानेचं दुखणं लिहितं, कुणी नवऱ्याच्या घोरण्याचं.
मी सगळी वाचते, फाइलला लावते.

उश्या आमच्याकडे एकाच प्रकारच्या आहेत.