दुपारी लावायचा पत्रा

पारोळा रोडला, वजनकाट्याच्या मागे
आमचं शेड. शेडात बस.
एकोणसत्तरचं मॉडेल, लिलावात निघालेली,
मग कोणाच्या तरी मळ्यात बारा वर्षं
कांद्याच्या गोण्या पोटात घेऊन उभी.
आता भामरे मॅडमची. त्या दातांच्या डॉक्टर.
मागच्या सीटा काढून तिथं खुर्ची बसवलीय,
टाकी, दिवा, थुंकायचं भांडं.
अक्राणीच्या पाड्यांवर नेणार म्हणतात.
घाट चढला तर.

डाव्या अंगाचे पत्रे कांद्याच्या ओलीनं खाल्लेले.
मॅडमनी बोट लावलं, पांढरी भुकटी झाली,
बोट आरपार.
"कीड," त्या म्हणाल्या,
"वर दिसते त्याच्या दुप्पट आत असते."
लोटन मिस्तरी हसला नाही.
तो महिनाभर उजव्याच बाजूनं चावतोय.

जुने रिबिट छिन्नीनं उडवले.
त्यांची डोकी अजून झाडताना सापडतात.
पत्र्याच्या पाठीवर पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलेलं
डा. ४, खाली माप, इंचात आणि सुतात.
लिहिणाऱ्याचा चार उलटा.
आम्ही उजवीकडचं माप धरून नवा पत्रा कापला,
डावीकडं तो दीड सूत कमी पडला.
गाडी दोन्ही अंगांनी सारखी कधीच नव्हती.
"तोंड तरी कुठं असतं सारखं," मिस्तरी म्हणाला,
आणि दुसरा पत्रा मागवला, स्वतःच्या पैशानं.

मे महिना.
साडेअकराला रस्ता रिकामा होतो.
कुत्री ट्रकखाली जातात,
वेल्डिंगवाली पोरं गोणपाट ओलं करून निजतात.
तेव्हा आम्ही सुरू करतो.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, पहाटे गारव्यात लावू ना.
"आते नही," मिस्तरी म्हणाला. "तपू दे तेले."

पत्रा अंगणात उताणा टाकला.
दोन वाजता फडक्याशिवाय हात लावता येईना.
मग चौघांनी उचलून पळवला,
पाड्यावरून झोळीत आजारी माणूस आणतात तसा,
गार व्हायच्या आत.

ऊन पत्र्याला लांब करतं. केसभर, जास्त नाही.
तेवढ्यात ठोकून टाकायचा.
रात्री तो आखडायला बघणार,
पण चारी कडांना धरलेला, आखडेल कुठं?
मग ताठ बसतो, शेकलेल्या डफासारखा.
सकाळी लावलेला दुपारी फुगतो
आणि पुढं जन्मभर
प्रत्येक खड्ड्याला बडबडतो.

मी आत, लोखंडी ठोकळा धरून.
तो बाहेर, हातोडा घेऊन.
मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही.
एक टिचकी म्हणजे धर.
दोन म्हणजे बसला.
तीन म्हणजे वाकला, काढ.
आतल्या उकाड्याचं काय सांगू,
घाम ठोकळ्यावर पडायचा आणि तिथंच वाळायचा.
छप्पन्न रिबिट.
तीन टिचक्या एकदाच, बेचाळिसाव्याला, चूक माझी.
बाहेरून शिवी आली नाही.
दाढेमुळं असेल.

दिवेलागणीला मॅडमनी बॅटरीवर दिवा लावून पाहिला.
"बसा मिस्तरी."
तो नको म्हणाला. हात काळे आहेत म्हणाला.
मग चपला पायरीखाली काढून चढला.
गालात कापूस, तोंड उघडं,
डोळे छताच्या रिबिटांवर, मोजत असावा.
पांझरेकडून वारा सुटला होता.
शेडाचं ऊन उतरत होतं.

आणि डाव्या अंगाला एकदम टण्ण झालं.
मॅडम दचकल्या, आकडी हवेतच थांबली.
"काय तुटलं?"

मिस्तरीला माहीत होतं. बोलता येत नव्हतं.
त्यानं खुर्चीच्या लोखंडी हातावर
नखानं टिचकी मारली.
दोनदा.