खरं

साकवापाशी जीप सोडून साहेब चालत आले,
हातात कानडी फॉर्म, पिंढरीला दोन जळवा.
मला दोन्ही भाषा येतात, म्हणून मधे बसले
लुमाण्णाच्या सोप्यावर, त्यांच्या पायाला मीठ लावत.

गाव जगवायचं ठरलंय म्हणाले, वरून.
सौर दिवे, मधाच्या पेट्या, पाहुण्यांसाठी खोल्या.
शिमग्याला जंगलखात्याचे आले होते,
त्यांना जंगल जगवायचं होतं:
घरटी काही लाख, आणि गाव खाली.
तुकव्वाने दोन्ही कागद एकाच फडक्यात बांधून
बियाण्याच्या कणगीवर ठेवलेत.

घरं किती? नऊ.
उघडी किती?
लुमाण्णा बोटं मोडतो. नागोचं धरायचं का?
ते गोव्याहून येतात, गणपतीला चार दिवस उघडतात.
"अर्धं लिवा की वो."
फॉर्मात अर्ध्याला चौकोन नाही.

आमच्याकडे 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
"दिवे द्या, खरं साकव दर पावसात वाहतो."
"ऱ्हातो आम्ही, खरं शाळेत दोनच पोरं."
"मध निघंल, खरं अस्वल बी येतंय."
साहेबांना थोडं मराठी कळत होतं.
प्रत्येक 'खरं'ला मान हलवून
ते 'हौदु'च्या चौकोनात खूण करत गेले.

मी सांगायला हवं होतं.
तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान उलटलं,
मलाच विचारलं, तुम्ही इथंच राहणार ना?

मी म्हटलं, राहणार, खरं

आणि त्यांनी लिहून घेतलं.