पासंग

रोज किती घेता?
डॉक्टर दस्तूर विचारतात, केसपेपरवरून मान वर न काढता.
थोडीच.
थोडीच म्हणजे?
क्वार्टर. एखाद दिवस दीड.
हेमलता खिडकीबाहेर बघते.
परळच्या त्या आवारात पिंपळाच्या फांदीला कुणीतरी
सलाईनची अर्धी कापलेली बाटली टांगलीय,
चिमण्यांच्या पाण्यासाठी.

सव्वीस वर्षं मी वजनमापं तपासली.
मशीद बंदरचे काटे, भायखळ्याचे तराजू,
तळ ठोकून वर घेतलेली रॉकेलची मापं,
पोटातलं शिसं कोरून काढलेली किलोची वजनं,
पारड्याखाली मेणाने चिकटवलेला चिंचोका,
एवढासा पासंग,
मी नुसत्या बोटाने ओळखायचो.
दांडी मारणाऱ्याचा चेहरा
दांडी हलायच्या आधी कळायचा मला.
मापात पाप, चुरीसाहेबांना वास येतो,
असं म्हणायचे व्यापारी,
आणि माझ्या तोंडाचा वास त्यांना येत असणारच.

हात पुढे करा. बोटं पसरा.
दहाही बोटं.
काटा शून्यावर यायलाच तयार नाही.
बाई एक आकडा लिहितात.
थरथरीलाही माप असतं
हे आमच्या खात्याला माहीत नव्हतं.

सांगितलेल्या क्वार्टरच्या हिशोबाने गोळ्या दिल्या.
दुसऱ्या रात्री चादरीवर मोहरी सांडली.
किती वेचली तरी सरेना.
मी ओरडत होतो, पंचनामा करा, पंचनामा करा,
एक दाणाही हलवू नका.
सिस्टर वत्सम्माने विचारलं, आपण कुठे आहोत?
भायखळ्याला. धाड आहे.
वॉर्डबॉयने मनगटं गॉजने खाटेला बांधली,
गाठ मात्र सैल ठेवली, बोट जाईल एवढी.
शेजारच्या खाटेवरचा पाटोळे, गोदीतला वेल्डर,
तिसऱ्यांदा आलेला,
रात्रभर म्हणत राहिला, जातंय काका, जातंय,
माझ्या तर अंगावर खेकडे होते.

सकाळी हेमलताने पिशवीतून
दुधाच्या हिशोबाची वही काढली.
एका रकान्यात दूध, एक लिटर, अर्धा लिटर.
शेजारच्या रकान्यात मी.
तारीखवार. नऊ वर्षांचा.
कचऱ्यातल्या बाटल्या, टाकीमागच्या, स्कूटरच्या डिकीतल्या,
तिच्या गोल, शाळकरी अक्षरात.
शून्यं खरी, बेरीज खरी.
लग्नात तिने ओलांडलं ते माप तांदळाचं होतं.
नंतरचं हे, ओलांडता न येणारं,
रोज रात्री भांडी झाल्यावर मोजत बसलेलं.
मी इतकी वर्षं शहर तपासत होतो
आणि माझ्यावरचा निरीक्षक
माझ्याच ओट्यापाशी उभा होता.

गेल्या वर्षात अकरा ठिकाणी लिहिलं होतं, आज नाही.
मी बोट ठेवलं. हे, हे, हे आणि हे.
हे चार दिवस पण घेतली होती.
तिने काही न बोलता पेन काढलं
आणि चारही खोडले.
पारड्याखाली एक चिंचोका तिनेही लावला होता,
माझ्या बाजूने.

मग डोस बदलला.
थायमिनची इंजेक्शनं, पिवळं सलाईन.
गोळ्या सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री तीन.
मग दोन, एक, दोन.
मग रात्रीची एकच.
दिवसेंदिवस कमी भरणारं हे पहिलंच माप
ज्यावर मी खटला भरला नाही.
सातव्या दिवशी शर्टाचं वरचं बटण
माझं मला लागलं. पाटोळेने टाळी वाजवली,
आणि त्याच संध्याकाळी कुणाला न सांगता तो निघून गेला.
खाटेखाली त्याच्या चपला राहिल्या.

डिस्चार्जच्या कागदावर दस्तूर बाई विचारतात,
शेवटची घेऊन किती दिवस झाले?
नऊ.
आठ, हेमलता म्हणते.
भरतीच्या दिवशी सकाळी घेऊनच आला होतात.

आठ, मी म्हणालो.
सही केली.
सही जराशी हलली.