पोचा आलेला डबा

हापसालूत डिसेंबरात ऊन येतं
ते अंगातला कोट न काढणाऱ्या पाहुण्यासारखं.
समोरची चिमणी आणि पाण्याची टाकी
यांच्या फटीतून
बारा वाजून चार मिनिटांनी माझ्या टेबलावर,
सव्वाबाराला परत.

तेवढ्यात काय ते उरकायचं.
कॅमेरा तिपाईवर आधीच चढवलेला,
डुगडुगत्या पायाखाली
बंद पडलेल्या रेल्वेचं वेळापत्रक,
मागे पडदा म्हणून
इस्त्रीने जळलेली चादर.

एकतीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात
पट्ट्यावरून सरकणारे डबे बघत होते.
बघायचं म्हणजे
झाकण वाकडं, शिवण सुटलेली, कड चेपलेली,
दिसला की उचल, डावीकडच्या पिंपात टाक.
चांगला डबा मी एकही पाहिलेला नाही.
चांगले सगळे नुसते निघून गेले.

शेवटच्या दिवशी पिंपातला एक
पर्समध्ये घालून आणला.
लेबल नाही, पोटात पोचा.
आज तोच मांडलाय,
शेजारी अर्धा कांदा आणि एक नासपती.

पोच्यात उजेड साचतो,
आधी तळाशी थेंबभर,
मग काठाकाठाने वर चढतो.
धड डब्यावरून तो घसरून जातो,
हे मी करून पाहिलंय.

लेक फोनवर म्हणते,
आई, निदान फुलांचे तरी काढ.
फुलं महाग झालीत, म्हटलं.

इतक्यात खालच्या मजल्यावरचा उकू
मीठ मागायला आला.
मी कपाटात डोकं घालून बरणी शोधतेय
तोवर त्याने नासपती खाल्ली.

बारा वाजून दहा.
रागवायला वेळ नव्हता.
होती तिथेच ठेव, म्हटलं,
देठ वर करून.

ओला गाभा, दोन काळ्या बिया,
भोवती दातांच्या खुणा,
आणि त्याचा पुढचा दात पडलाय ना,
तिथे गराची एक बारीक भिंत
न खाता उभी राहिलेली.
ऊन तिच्यातून आरपार गेलं.
कांदा, डबा, मी, सगळे मागे सरलो.

एकदाच दाबलं बटण.
मग टाकीने सूर्य झाकला.

"कचऱ्याचा फोटो?" उकूने विचारलं,
हनुवटीवरचा रस बाहीला पुसत.
"तुझ्या दाताचा," मी म्हटलं.
जो नाही त्याचा?
हो, त्याचाच.
त्याने जिभेने ती फट चाचपली
आणि जरा ताठ उभा राहिला.

तो गेल्यावर आठवलं,
मीठ द्यायचं राहिलंच.

गाभा हलवलेला नाही.
रात्रीत तपकिरी पडेल, आकसेल,
भिंत कदाचित वाकेल.
उद्या बारा वाजून चार.
ढग नसले तर.